फेअर करून पाठव

दिवाळी अंकवाल्यांचा फोन आला तेव्हा मी गच्चीवर पापडांची राखण करत बसलो होतो. रिटायर माणसाला घरात एवढंच खातं मिळतं. "सर, पोरांच्या इंग्रजीच्या गमती लिहून द्या की. वाचक पोट धरून हसतील," ते म्हणाले. हसतील, बराबर आहे. तीसेक वर्षं मीपण हसलोच. पण लिहायला बसलो आणि लक्षात आलं की सगळ्या गमतींच्या मागं एक गोष्ट उभी आहे, आणि ती सांगितल्याशिवाय बाकीचं काही खरं नाही. तेव्हा आधी हसून घ्या.

मी शेख सर. सेनगाव तालुक्यात, पुसेगावपासून साखऱ्याकडं जाताना एक हायस्कूल लागतं, तिथं आठवी ते दहावीला इंग्रजी शिकवलं. शाळेचं नाव लिहीत नाही. पोरं तिथं अजून 'ही डिड नॉट वेंट' लिहीत असतील, उगाच बदनामी काहून करायची? माझं गाव कुरुंदा. अब्बा गाद्या भरायचे. घरात दखनी, गल्लीत मराठी, आणि इंग्रजी म्हणजे औषधाच्या बाटलीवरचं लिखाण. दखनीत कालचा दिवस 'कल' आणि उद्याचाही 'कल', त्यामुळं पाचवीत मी 'आय वेंट टू वसमत टुमॉरो' असं ठणकावून लिहिलं होतं. गुरुजींनी ते अख्ख्या वर्गाला वाचून दाखवलं. तेव्हाच ठरवलं, ही भाषा शिकायची आणि कुणाची टाप नाही आपल्याला हसायची.

बाहेरच्या लोकांना वाटतं, इंग्रजीचा मास्तर म्हणजे गोड गोड कविता शिकवणारा. कशाचं काय! सुपात तांदूळ घेऊन बसलेल्या बाईसारखं काम असतं ते. खडा दिसला की उचल, दिसला की उचल. आणि खडेही गावागावाचे वेगळे. आमच्याकडं क्रियापदाला 'राहिलो' लावल्याशिवाय माणसाचं समाधान होत नाही. जेवून राहिलो, येऊन राहिलो, समजून न्हाई राहिलं. त्यामुळं पोरं इंग्रजीत शिरली की दिसेल त्या क्रियापदाला आयएनजी. 'आय ॲम नॉट अंडरस्टँडिंग.' 'आय ॲम हॅविंग टू बफेलोज.' म्हणजे घरी दोन म्हशी आहेत, आणि असण्याचं काम अजून चालूच आहे. ही चूक पुण्यामुंबईकडंही होते म्हणतात, पण आमच्यासारख्या सढळ हातानं कुणी करत नसेल.

दुसरा खडा 'द'. मराठीला ज्याची कधी गरजच पडली नाही, त्याची जागा पोरांनी कशी ओळखायची? एकजण सगळीकडं घालायचा, द हिंगोली, द माय मदर. दुसरा वर्षभर एकही घालायचा नाही. तिसरा खडा ते 'डिड नॉट वेंट'. 'डिड' आला की भूतकाळ झाला, पुन्हा 'वेंट' कशाला, हे मी गळ्याच्या शिरा ताणून सांगायचो. एक पोरगी उठून म्हणाली, "सर, बैलगाडी मागं घ्यायची म्हणली तर एकच बैल मागं घेत्यात का? दोन्ही घ्यावं लागतेत." मी गप. मास्तरला गप करणारी पोरं मला फार आवडायची, हे मात्र त्यांना कधी कळू दिलं नाही.

मोठी माणसंही यायची. बायोडेटा, नोकरीचे अर्ज, लग्नपत्रिकेच्या पाकिटावरचा पत्ता. एकदा सरपंच आले. मोठे साहेब गावात येणार होते आणि त्यांचं स्वागत इंग्रजीतूनच करायचं असा हट्ट. भाषण स्वतः लिहून आणलेलं. पहिलंच वाक्य, 'वी आर वेलकमिंग यू सिन्स मॉर्निंग.' मी म्हटलं, "सरपंच, हे चुकलं. आपण सकाळपासून त्यांचं स्वागत करून राहिलो असा अर्थ होतो." तर म्हणाले, "मग बराबरच हाय की सर. साहेब कधी टायमावर आल्यात?" साहेब दुपारी चारला आले, वाक्य तसंच म्हटलं गेलं, आणि साहेबांनीच सगळ्यात आधी टाळी वाजवली.

झालं हसून? आता माझ्या पत्रांबद्दल सांगतो. नोकरीत मला कशाचा अभिमान असेल तर ह्याच पत्रांचा होता.

व्याकरणाच्या पुस्तकातली वाक्यं मेलेली असतात. त्यातला तो राम कायम आंबा खातो. पोरांना स्वतःचं काही लिहायला लावल्याशिवाय त्यांच्या खऱ्या चुका बाहेर येत नाहीत. म्हणून दर शनिवारी प्रत्येकानं मला इंग्रजीत एक पत्र लिहायचं, विषय ज्याचा त्यानं ठरवायचा. मी ते लाल शाईनं तपासून, वीसपैकी गुण देऊन परत करायचो आणि खाली लिहायचो, 'फेअर करून पाठव'. मग पोरांनी तेच पत्र दुरुस्त करून, चांगल्या अक्षरात पुन्हा लिहून द्यायचं. फेअर आलं की मी त्यावर टिक करून गठ्ठ्यात ठेवायचो. फेअरला उत्तर नसायचं. तिथं काम संपलं.

शाळेपासून दोन किलोमीटरवर बंजाऱ्यांचा तांडा. दिवाळी झाली की तिथली निम्मी घरं ऊसतोडीला जायची, थेट होळीपर्यंत. पोरंही सोबत. त्यांची शाळा बुडायची आणि परत आली की सगळं कोरं. मग पोरं निघताना मी प्रत्येकाच्या दप्तरात माझा पत्ता घातलेली चार आंतर्देशीय पत्रं टाकू लागलो. तिकडून लिहा, मी तपासून कारखान्याच्या पत्त्यावर मुकादमाच्या नावानं परत पाठवतो. आणि पोरं लिहायची हो! कर्नाटकातून, कोल्हापूरकडून, उसाच्या पाचटाच्या खोपीत बसून लिहिलेली पत्रं मला यायची. पोस्टमन म्हणायचा, "सर, तुमाला पुढाऱ्यापेक्षा जास्त डाक येऊन राहिली." माझी छाती इतकी फुगायची की विचारू नका.

सुरुवातीला मी प्रत्येक पत्र दोनदा वाचायचो. एकदा पोरगं काय म्हणतं ते, आणि एकदा कसं म्हणतं ते. मग वर्ग वाढले, पत्रं वाढली, निवडणुकीची कामं लागली, आणि पहिलं वाचन कधी सुटलं ते मलाही कळलं नाही. पेन आपोआप चालायचं. बायको एकदा भाजी निवडताना म्हणाली, "पढते कब जी तुम? खाली लाल करते बैठते." म्हणजे, वाचता कधी, नुसतं लाल करत बसता. मी हसलो. तिला इंग्रजी येत नाही, तिला काय कळतंय, असं मनात म्हटलं. लानत असो त्या हसण्यावर.

रेणुका ह्याच तांड्यावरची. बैलांचं उदाहरण देऊन मला गप करणारी ती हीच. घरी तांड्याची गोरमाटी बोलायची, शाळेत मराठी, बाजारात हिंदी, म्हणजे माझ्यासारखीच दोनतीन दारं ओलांडून इंग्रजीपर्यंत आलेली. एकदा म्हणाली, "सर, इंग्रजीत 'यू' एकच हाय. सरपंचालाबी यू अन् कुत्र्यालाबी यू. लई चांगली भाषा हाय." दुसऱ्याची चूक ती कधी उतरवायची नाही. तिच्या चुका तिच्या स्वतःच्या असायच्या आणि एकदा सुधारलेली चूक पुन्हा दिसायची नाही. नववीत असताना सगळ्यांसमोर विचारलं, "सर, तुमी कवा रिटायर होणार?" "काहून गं?" "तुमच्या खुर्चीवर मला बसायचंय. इंग्रजीची मॅडम व्हायचंय." वर्ग हसला. मी मनातल्या मनात वर्षं मोजली. बीए, बीएड धरून बरोबर जमत होतं. खरं सांगतो, मला ती खुर्ची तिलाच द्यायची होती. स्वतःच्या लेकरांबद्दल माणूस जेवढी स्वप्नं बघतो, तेवढी मी त्या पोरीबद्दल बघितली.

ती दहावीत गेली त्या वर्षी तिच्या आईच्या कमरेचं दुखणं वाढलं. ऊसतोडीत जोडी लागते, एकट्या माणसाला काम नाही. बाप फुलसिंग म्हणाला, "पोरीला नेल्याबिगर इलाज न्हाई सर. पण परीक्षेच्या आधी आणून सोडतो. जबान देतो." परीक्षेचा फॉर्म भरलेला होता. रेणुकानं पुस्तकं नेली, माझ्या पत्त्याची कोरी पत्रं नेली. टेम्पोत बोचक्यांवर बसून हात हलवला आणि ओरडली, "सर, लाल शाई भरून ठेवा!"

पहिलं पत्र महिन्याभरात आलं. जानेवारीत दुसरं. त्या दिवशी टेबलावर वीसेक पत्रं होती आणि मला सराव परीक्षेचे पेपर काढायचे होते. मी पेन उघडलं. 'माय मॅरेज इज फिक्स', तिथं फिक्सला ईडी लावला. 'आय ॲम नॉट वाँटिंग', तिथं काट मारून 'आय डू नॉट वाँट'. 'गिव्ह एक्झाम' नाही, 'टेक'. एक 'द' घातला, एक काढला. बहिणीचं लग्न, मामाचं लग्न, हे विषय पोरांचे नेहमीचेच. लग्न हा शब्द हाताखालून गेला आणि हात थांबला नाही. वीसपैकी बारा दिले. खाली लिहिलं, 'प्रगती आहे. काळाकडे लक्ष दे. फेअर करून पाठव.' त्याच दिवशी डाकेत टाकलं. उशीर करणाऱ्यातला मी नव्हतो.

दहा दिवसांत फेअर आलं. टपोरं अक्षर, एकही चूक नाही. वीसपैकी वीस. मी वर्गात ते हवेत धरून सगळ्यांना दाखवलं. "बघा, उसाच्या फडात बसून पोरगी असं लिहिते, आणि तुम्ही पंख्याखाली बसून काय दिवे लावता?" मग गठ्ठ्यात ठेवून दिलं.

परीक्षा आली, रेणुका आली नाही. तिचं हॉल तिकीट हेडमास्तरांच्या ड्रॉवरमध्ये पडून राहिलं. मी तांड्यावर दोन चकरा मारल्या, घराला कुलूप. फुलसिंगला फोन नव्हता, मुकादमाचा नंबर लागत नव्हता. होळीनंतर एके दिवशी फुलसिंग स्वतःच शाळेत आला आणि स्टाफरूमच्या दारात चपला काढून उभा राहिला.

"सर, पोरीचं लगीन केलं. रागावू नका."

माझा आवाज चढला. "तिचं वय तरी झालं होतं का, फुलसिंग? जबान दिली होती तुम्ही मला!"

"दिली व्हती. म्हणून तर थांबलो व्हतो." तो खाली बघून बोलत होता. "पाहुणे घाई करून राहिले व्हते. पोरगी म्हणली, बा, सरांना पत्र टाकलंय. सर येतील, न्हाईतर लिहितील. मीबी म्हणलं, सर न्हाई म्हणले तर आपण पाहुण्याला न्हाई म्हणू. मग तुमचं पत्र आलं. मला वाचता येत न्हाई, पण लाल शाई दिसली. म्हणलं, सरांनी लई लिहिलं. काय म्हणतेत? तर म्हणली, थांबा बा, अजून एक पाठवते. ते पाठवलं. पंधरा दिस वाट पाहिली सर. काय आलं न्हाई. मग पोरगीच म्हणली, सरांना काय म्हणायचं न्हाई."

मग तो अगदी साध्या आवाजात म्हणाला, "तुमाला चालत व्हतं म्हणूनच गप बसले ना तुमी?"

तो गेल्यावर कपाटातून गठ्ठा काढला. ते इंग्रजी पत्र इथं देत नाही. मजकूर असा होता: सर, माझं लग्न ठरलं आहे. मला लग्न करायचं नाही. मला दहावीची परीक्षा द्यायची आहे. बा फक्त तुमचं ऐकतात. तुम्ही या, किंवा त्यांना दोन ओळी लिहा. मी रोज वाट पाहते.

काळ बरोबर. 'द' जिथल्या तिथं. स्वल्पविरामसुद्धा बरोबर. आणि खाली माझी टिक.

माझ्या चुकीला व्याकरणात नाव नाही. त्या दिवसापासून पुढं प्रत्येक पत्राला मी आधी दोन ओळींचं उत्तर लिहू लागलो आणि मग तपासू लागलो. बऱ्याच पोरांचे प्रश्न त्यातून सुटले, काहींची लग्नंही थांबवली. पण त्यानं काय होतं? एकदा तिच्या सासरच्या गावाला जायला निघालोही. कळमनुरीच्या पुढं फाट्यावर उतरलो, हॉटेलात बसलो आणि परतीच्या गाडीनं घरी आलो. काय तोंड घेऊन जायचं होतं? पुढं रिटायर झालो, हिंगोलीला घर केलं. खुर्चीवर दुसरे सर आले. चांगले आहेत बिचारे. पण निरोपाच्या दिवशी मी त्या रिकाम्या खुर्चीकडं बघत होतो आणि लोकांना वाटलं, सरांना शाळा सोडवत नाही.

आता पत्रं येत नाहीत. पाच सप्टेंबरला मोबाईलवर मेसेज येतात, एकाही शब्दात चूक नसते, फोनच सुधारून देतो. मला करमत नाही हो त्या मेसेजांत. मला चुकलेलं पत्र पाहिजे. 'आय ॲम रिमेंबरिंग यू सर' असं चुकीच्या काळातलं, शाई पसरलेलं, पाचटाचा वास येणारं एक पत्र पाहिजे, आणि ते तिचं पाहिजे. किती वर्षं पोस्टमनची वाट पाहिली, बायकोला विचारा.

मागच्या जूनमध्ये दुपारी फाटक वाजलं. एक बाई आणि एक पोरगी उभी.

"ओळखलं का सर?"

"रेणुका," मी म्हणालो.

बायकोनं पाणी दिलं, दोघींना पंख्याखाली बसवलं. पोरगी रेणुकाचीच. दहावीला शाळेत पहिली आलेली आणि हिंगोलीला सायन्सला जायचं म्हणत होती, होस्टेलवर राहून. घरात त्यावरून आठ दिवस कुरबुर चाललेली. "माणूस वाईट न्हाई सर," रेणुका नवऱ्याबद्दल म्हणाली. "पण पोरगी एकटी कशी ठेवायची म्हणून भ्यायलेत. म्हणतेत, कुणी जाणता माणूस जबाबदारीनं सांगत आसंल तर बघू. उद्या ॲडमिशनचा शेवटचा दिवस हाय."

"अगं, मग एवढ्या उन्हात कशाला आलीस? पत्र टाकायचं, मीच आलो असतो." सवयीनं बोलून गेलो.

तिनं माझ्याकडं पाहिलं. आवाजात राग नव्हता. "न्हाई सर. या येळेस तोंडी सांगायला आले."

मी उठलो आणि चपला घातल्या. बायकोनं छत्री हातात दिली. एसटीत पोरगी खिडकीशी, मध्ये रेणुका, कडेला मी. अर्धा रस्ता गेल्यावर मी म्हणालो, "रेणुका, ते पत्र मी वाचलं नव्हतं गं. दोन्ही वेळेला नुसतं तपासलं होतं."

ती हळू म्हणाली, "मला वाटत व्हतं, तुमी वाचलं अन् तुमाला चालत व्हतं. येवढी वर्षं तेच वाटत व्हतं." पदरानं तोंड पुसलं आणि पोरीच्या पलीकडं बाहेर बघत राहिली. मी माफी मागितली. चालत्या एसटीत, कंडक्टरच्या देखत, हात जोडून मागितली. ती "असू द्या सर" म्हणाली, पण माझ्याकडं बघून नाही.

घरी तिचा नवरा बैलांना पाणी पाजत होता. मला बघून गडबडून खाट टाकली, चहा सांगितला. मी म्हणालो, "जावईबापू, मी हिंगोलीतच राहतो. होस्टेल माझ्या घरापासून दहा मिनिटांवर आहे. दर रविवारी पोरगी आमच्याकडं जेवेल. तिची जबाबदारी माझी. पाठवा तिला."

तो पोरीकडं बघत राहिला, मग माझ्याकडं. "सर, तुमी सोता येऊन सांगून राहिले, मग काय राहिलं? जाऊ द्या तिला."

पोरगी किंचाळली आणि शेजारी सांगायला पळाली. तो हसत हसत पुन्हा बैलांकडं गेला. रेणुका दारात उभी होती. तिच्या डोळ्यांतून पाणी चाललं होतं आणि ते लेकीसाठी नव्हतं, हे मला कळत होतं.

"येवढंच व्हतं का, सर?" ती म्हणाली.

माझ्या हातातला चहा अजून अर्धाही झाला नव्हता.